पाठचे भावंड आणि कर्करोगाचा खर्च

बायको, मुले आणि आईबाप यांना पोसण्याचे कर्तव्य कायद्याने माणसावर घातले आहे. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे १२५ वे कलम आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेचे १४४ वे कलम, दोन्हींत याच नात्यांचा उल्लेख आहे. भावाचे वा बहिणीचे नाव तेथे नाही. भावंडाच्या दुखण्यात धावून जावयाचे ते रीत म्हणून, मायेपोटी, आणि पुष्कळ वेळा चार लोक काय म्हणतील म्हणून. अशा मदतीची मर्यादा कोणी लिहून ठेवलेली नसते. त्यामुळे एखादा भाऊ आपले होते नव्हते ते घालून बसतो, तर दुसरा पहिल्या पंधरवड्यात शंभर चौकश्या करतो आणि पुढे दिसेनासा होतो. कर्करोगाचे दुखणे महिनोन्महिने चालणारे असल्याने हा प्रश्न तेथे जितका कठीण होतो तितका क्वचितच दुसऱ्या रोगात होत असेल. आपल्या न्यासाकडे साहाय्यासाठी येणाऱ्या सभासदांना आणि त्यांच्या कुटुंबांना उपयोगी पडावे म्हणून या विषयाचा थोडा व्यवस्थित विचार येथे केला आहे.

प्रथम आपल्या भागाची स्थिती पाहू. १९५६ च्या १ नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना झाली, तोवर नागपूर ही आपलीच राजधानी होती. त्या दिवशी नागपूर मुंबई राज्यात गेले, आणि पांढुर्णा व सौंसर मध्य प्रदेशात राहिले. २०२३ च्या ऑक्टोबरात छिंदवाड्यातून हे दोन्ही तालुके काढून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला. एवढे फेरफार झाले, पण रोग्याची वाट बदलली नाही. पांढुर्ण्याहून नागपूर सुमारे ९५ किलोमीटर, सौंसरहून ६०-६५ किलोमीटर. घशात गाठ आली, तोंडातले चट्टे बरे होईनात, स्तनात गाठ लागली की आपला माणूस नागपूरची गाडी धरतो. तेथे राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आहे, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, मिहानातील एम्स आहे, जामठ्याची नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे. आणखी पुढे जावयाचे तर मुंबईस परळला टाटा स्मारक रुग्णालय. ते २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले आणि १९६२ पासून अणुऊर्जा खात्याकडे आहे. थोडक्यात, आपले रेशनकार्ड एका राज्याचे आणि रुग्णालय दुसऱ्या राज्याचे, अशी आपली अवस्था आहे. पुढील बऱ्याच अडचणी यातूनच निघतात.

खर्च म्हटला की लोकांच्या डोळ्यांपुढे शस्त्रक्रियेचे बिल उभे राहते. वास्तविक बिल हा खर्चाचा एक भाग. तोंडाच्या कर्करोगाचेच उदाहरण घ्या. आपल्याकडे खर्रा आणि गुटख्याने तो घरोघर पोचविला आहे. शस्त्रक्रियेनंतर पुष्कळांना विकिरण चिकित्सा, म्हणजे लोक ज्याला ‘शेक’ म्हणतात ती घ्यावी लागते. ती साधारण ३० ते ३३ वेळा, आठवड्यातून पाच दिवस, म्हणजे सहा ते सात आठवडे चालते. पांढुर्ण्याहून रोज जाऊन-येऊन करावयाचे ठरविले तर एका खेपेस १९० किलोमीटर आणि ३३ खेपांस ६,२७० किलोमीटर होतात. तिसऱ्या आठवड्यापासून तोंड आतून सोलवटते, गिळवत नाही, काहींना नाकातून नळी घालावी लागते. अशा माणसाला रोज गाडीत घालणे म्हणजे हाल होत. मग नागपुरात खोली घ्यावयाची, तेथे पातळ अन्न करून देणारे कोणी ठेवावयाचे, आणि जो सोबत राहील त्याची मजुरी वा दुकान तेवढे दिवस बंद. या कशाचेच बिल रुग्णालय देत नाही आणि कोणतीही योजना हे पैसे भरत नाही. भावंडांची खरी गरज या ठिकाणी असते.

दुसरी गोष्ट वेळेची. आयुष्मान भारत योजना २३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झाली. तिच्यात पात्र कुटुंबास वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख रक्कम न भरता मिळतात. तथापि ही योजना मुख्यतः दाखल झालेल्या रोग्यासाठी आहे. दाखल होण्यापूर्वीचे तीन दिवस आणि घरी आल्यानंतरचे पंधरा दिवस एवढाच बाहेरचा काळ तिच्यात धरतात. कर्करोगात मात्र निदानालाच दोन-चार आठवडे जातात. गाठीचा तुकडा तपासणे, सीटी, एमआरआय, क्वचित पेट-स्कॅन ही सारी दाखल होण्यापूर्वीची कामे, आणि त्यांचे पैसे रोख मोजावे लागतात. योजना आहे म्हणून निश्चिंत बसलेले घर पहिल्याच महिन्यात अडते ते यामुळे. म्हणून भावंडांनी आपली पहिली मदत या काळासाठी राखावी. नंतर मोठी रक्कम देण्यापेक्षा पहिल्या पंधरा दिवसांत लहान रक्कम हाती देणे अधिक मोलाचे, कारण तेवढ्यासाठी तपासणी लांबली तर रोग पुढच्या अवस्थेत जातो आणि पुढचा सगळाच खर्च वाढतो.

आता ‘कुटुंब’ या शब्दाकडे वळू. आपण कुटुंब म्हणतो तेव्हा चुलत्या-पुतण्यांसह सारा वाडा आपल्या मनात असतो. योजनेचे कुटुंब तेवढे मोठे नसते. मध्य प्रदेशात ते समग्र आयडीवरून ओळखले जाते. कुटुंबाचा क्रमांक आठ अंकी, आणि त्यातील प्रत्येक माणसाचा नऊ अंकी. वेगळ्या झालेल्या भावाची समग्र वेगळी. एका भावाचे घर पात्र आणि दुसऱ्याचे नाही, असे सर्रास घडते. तेव्हा पात्र भावाचे कार्ड दुसऱ्या भावासाठी ‘चालवून’ घेण्याचा मोह होतो. तसे कदापि करू नये. कार्ड आधाराशी जोडलेले असते, लबाडी पकडली जाते, आणि मग ज्याचे कार्ड त्याचेही बंद होते. प्रत्येकाने आपले कार्ड धडधाकट असतानाच काढून ठेवावे. लोकसेवा केंद्रात अर्ध्या दिवसाचे काम आहे. वय ७० पूर्ण झालेल्यांना २०२४ च्या ऑक्टोबरपासून उत्पन्नाची अटच राहिलेली नाही. थोरली बहीण त्या वयाची असेल तर तिच्यासाठी हे काम आजच करावे.

कार्ड मध्य प्रदेशाचे असले तरी ते योजनेत असलेल्या नागपुरातील रुग्णालयात चालते. मात्र त्या रुग्णालयास आपल्या राज्याकडून पूर्वसंमती घ्यावी लागते. म्हणून कोणत्या रुग्णालयात, कोणत्या उपचारासाठी हे कार्ड स्वीकारतात, याची चौकशी तेथील आयुष्मान मित्राकडे दाखल होण्यापूर्वी करावी. आधी रोख भरून मागाहून योजना लावू म्हटले तर बहुधा जमत नाही.

लग्न होऊन वरूड, नरखेड, काटोल, सावनेर या बाजूस गेलेल्या बहिणींची गोष्ट निराळी. आपल्याकडे रोटीबेटीचा व्यवहार सीमा मानीत नाही, आणि मानू नये. परंतु सासरी गेल्यावर बहिणीचे रेशनकार्ड महाराष्ट्राचे झाले, तर तिला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना लागू होते. माहेरच्या समग्रमध्ये तिचे नाव जुनेच राहिले आणि सासरच्या कार्डात चढविलेच नाही, असे झाले तर बिचारी दोन्हीकडून उपाशी. विधवा होऊन वा काडीमोड होऊन माहेरी परतलेल्या बहिणीची तर याहून उलट अडचण. तिचे नाव तिकडे असते आणि ती इकडे. भावाने बहिणीला दिवाळीची ओवाळणी घालावीच, पण तिचे नाव कोठल्या कार्डात आहे हेही एकदा पाहावे. दुखण्यात साडीपेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल.

जो कोणत्याच योजनेत बसत नाही, किंवा ज्याची मर्यादा संपली, त्याच्यासाठी मध्य प्रदेशात मुख्यमंत्र्यांचे स्वेच्छानुदान आहे आणि दिल्लीस १९४८ साली स्थापन झालेला पंतप्रधान राष्ट्रीय साहाय्य निधी आहे. यांचा पैसा रुग्णालयाकडे जातो, हाती मिळत नाही. आणि केलेला खर्च भरून मिळण्याची आशा धरू नये. म्हणून रुग्णालयाकडून खर्चाचे अंदाजपत्रक उपचारापूर्वीच सही-शिक्क्यानिशी मागून घ्यावे. अर्जाचे काम रोग्याच्या बायकोवर टाकू नये. ती खाटेपाशी असते. ज्या भावंडाला पैसा देणे शक्य नाही, पण कचेरीत उभे राहण्याचा धीर आहे, त्याने हे काम अंगावर घ्यावे.

केंद्र सरकारच्या नोकरीत असलेल्या भावाने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्यांच्या आरोग्य योजनेत त्याच्यावर अवलंबून असलेली अविवाहित, विधवा वा घटस्फोटित बहीण आणि अज्ञान भाऊ यांचा समावेश होऊ शकतो. खासगी कंपन्यांच्या सामुदायिक विम्यात मात्र भावंडांस सहसा जागा नसते.

वाटणी कशी करावी?

मदतीची समान वाटणी न्याय्य वाटते खरी, पण ती टिकत नाही. एक भाऊ पगारदार, दुसरा किराणा दुकानदार, तिसरा संत्र्याच्या बागेवर अवलंबून, असे असता तिघांनी सारखे द्यावे म्हणणे म्हणजे सर्वांत अशक्त माणसाने कर्ज काढावे असे म्हणणे होय. प्रत्येकाने आपल्या घरचे धान्य, मुलांची फी आणि चालू हप्ते बाजूला काढून उरेल त्यातला हिस्सा सांगावा, आणि तो एकदा सांगितला की मागे घेऊ नये.

उदाहरणार्थ एक घर कल्पू. मधली बहीण विधवा आहे आणि आजारी पडली. योजना वजा जाता प्रवास, खोली, औषधे आणि तिच्या घरचा किराणा मिळून दहा महिन्यांत २,४०,००० रुपये लागतील असा अंदाज निघाला. थोरला भाऊ नागपुरात नोकरीला; तो दरमहा ८,००० देऊ शकतो, दहा महिन्यांचे ८०,००० झाले. दुसऱ्याचे सौंसरला दुकान. तो दरमहा ४,००० म्हणजे एकूण ४०,००० देईल. तिसऱ्याची पांढुर्ण्याजवळ संत्र्याची बाग; तो महिन्याला काही देऊ शकत नाही, पण आंबिया बहाराचे पैसे आले की १,२०,००० देईल. रक्कम बरोबर जुळली. धाकटी बहीण पैसा देत नाही. ती शेकाचे सात आठवडे नागपूरच्या खोलीवर राहून रांधून घालते. तिच्या सात आठवड्यांची नोंद वहीत झाली पाहिजे. नाही तर पुढे कोणी तरी म्हणेलच, ‘तिने काय दिले?’

कागदावर जुळलेल्या या हिशेबात एक फट आहे. आंबिया बहाराचे फळ ऑक्टोबर ते डिसेंबरात तुटते, आणि उपचार समजा जूनमध्ये सुरू झाले. बागवाल्या भावापुढे मग दोनच मार्ग दिसतात. एक, कच्ची बाग व्यापाऱ्याला अगोदरच विकून इसार घेणे. गरजवंताची बाग कोणत्या भावाने जाते हे येथील वाचकांस सांगावयास नको. दुसरा, सावकार. शेकडा तीन रुपये महिना हा दर ऐकावयास लहान वाटतो, पण तो वर्षाचा ३६ टक्के होतो; १,२०,००० वर सहा महिन्यांचे व्याज २१,६०० रुपये. यापेक्षा थोरल्या भावाने आपल्या नावावर बँकेत सोने तारण ठेवून रक्कम आधी उभी करावी आणि बागवाल्याने बहारानंतर व्याजासह ती फेडावी, हे शहाणपणाचे. घरातल्या घरात फिरणाऱ्या पैशाची वेळ जुळविणे हेही मोठे साहाय्य आहे, आणि ते करण्यास श्रीमंती लागत नाही.

येथे वहिन्यांविषयी लिहिणे भाग आहे. ‘बायको आडवी येते’ हे वाक्य अशा प्रसंगी फार ऐकू येते. पण तिला न सांगता नवऱ्याने बहिणीच्या दुखण्यास पैसे दिले आणि ते तिला मुलाच्या फीच्या वेळी कळले, तर तिचा राग अकारण कसा म्हणावा? तिच्यासमोर हिशेब मांडला, आकडा ठरला, शेवट केव्हा ते सांगितले, तर बहुतेक घरांत ती अडवीत नाही. डबे तिच्याच हातचे जातात. अनंत मदतीची भीती वाटते, मोजलेल्या मदतीची वाटत नाही. जावयांस आणि मेहुण्यांसही हेच लागू आहे.

दिलेले पैसे देणगी की उसने, हे त्याच वेळी स्पष्ट करावे. भावंडांत उघडपणे बोलणे संकोचाचे जाते हे खरे, पण न बोलल्यामुळे देणाऱ्याच्या मनात उसने आणि घेणाऱ्याच्या मनात देणगी असे राहून जाते, आणि बरे झालेले भावंड दुरावते. उसने असेल तर दोन ओळी लिहून सही घ्यावी. १९६३ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे अशा पैशाची मुदत सामान्यतः तीन वर्षांची असते आणि मुदतीत लेखी कबुली दिल्यास ती पुन्हा सुरू होते. दावे लावण्यासाठी हे सांगत नाही. लिहिलेले असले की दावे होत नाहीत. देणगी असेल तर तसेही लिहावे. भावाबहिणीस दिलेल्या देणगीवर घेणाऱ्यास आयकर लागत नाही. पैसा बँकेतूनच पाठवावा. २०,००० रुपये वा अधिकचे उसने रोखीने घेण्यास कायद्याची सर्वसाधारण मनाई आहे, आणि २ लाख वा अधिक रोख रक्कम रुग्णालयासही एका रोग्याच्या बिलापोटी घेता येत नाही.

कर भरणाऱ्या भावासाठी एक सवलत आहे आणि ती फार थोड्यांना ठाऊक असते. १९६१ च्या आयकर कायद्याच्या ८०डीडीबी कलमात कर्करोगासारख्या रोगांवरील खर्चाची वजावट होती, आणि त्यात आपल्यावर सर्वस्वी वा मुख्यतः अवलंबून असलेले भाऊ-बहीणही धरले होते. मर्यादा ४०,००० रुपये, रोगी ज्येष्ठ नागरिक असल्यास १ लाख. विम्यातून मिळालेली रक्कम त्यातून वजा होते, तज्ज्ञ डॉक्टरांचा लेख लागतो, आणि जुनी करपद्धती निवडणाऱ्यासच ती मिळते. २०२५ च्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे आकडे बदलले आहेत, तेव्हा विवरण भरताना जाणकारास विचारून घ्यावे. आरोग्यविम्याच्या हप्त्याची जी दुसरी प्रसिद्ध वजावट आहे तिच्यात मात्र भावंड येत नाही. या दोहोंत गल्लत करू नये.

जमिनीविषयी जरा कठोर लिहावे लागते. बहिणीच्या उपचाराचे पैसे देतो, तेवढी हक्कसोडपत्रावर सही कर, असा व्यवहार काही घरांत होतो. ९ सप्टेंबर २००५ पासून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीस मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात तो निःसंदिग्धपणे सांगितला. म्हणजे ज्या पैशाला भाऊ मदत म्हणतो, ते पुष्कळदा तिच्याच हिश्श्याच्या शेताचे उत्पन्न असते. आजारी माणसाकडून, तो भाऊ असो वा बहीण, उपचार चालू असता जमिनीच्या कोणत्याही कागदावर सही घेऊ नये. जमीन विकणेच प्राप्त झाले तर सर्व वाटेकऱ्यांनी एकत्र बसून, पटवाऱ्याकडील खसरा पाहून, चालू बाजारभावाने विकावी आणि रक्कम रोग्याच्या खात्यात जमा करावी.

औषधांचा खर्च

डॉक्टरांना पैशाविषयी विचारणे पुष्कळांना कमीपणाचे वाटते. उलट पहिल्याच भेटीत विचारावे की एवढी आमची शक्ती आहे, यात कोणते उपचार बसतात? कर्करोगाच्या औषधांच्या किमतीत जो फरक असतो तो थक्क करणारा आहे. २०१९ च्या फेब्रुवारीत सरकारने ४२ औषधांवर व्यापाऱ्याच्या नफ्याची ३० टक्के मर्यादा घातली. २०१२ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय कॅन्सर ग्रिडने रुग्णालयांच्या वतीने एकत्रित खरेदी केली, तेव्हा ४० औषधांच्या भावात मोठी घट झाली, काहींची तर मूळ भावाच्या लहानशा अंशावर आली. म्हणजे तेच औषध मोठ्या सार्वजनिक रुग्णालयाच्या दुकानात आणि बाहेरच्या दुकानात अगदी निराळ्या किमतीस मिळू शकते. केंद्र सरकारच्या रुग्णालयांत अमृत औषधालये आहेत, तेथेही भाव विचारावा. छापील किमतीस औषध घेणे हा अज्ञानाचा दंड आहे.

स्वस्त उपचार म्हणजे हलका उपचार असेही समजू नये. टाटा रुग्णालयातील डॉक्टरांनी २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात तोंड-घशाच्या प्रगत कर्करोगावर निव्होलुमॅब हे अत्यंत महाग औषध नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी, म्हणजे तीन आठवड्यांस २० मिलिग्रॅम, गोळ्यांच्या उपचारास जोडून दिले. केवळ गोळ्या घेणाऱ्यांत वर्षानंतर १६.३ टक्के रोगी जिवंत होते, हे औषध मिळालेल्यांत ४३.४ टक्के. आपल्या रोग्यास ते लागू आहे की नाही हे डॉक्टरच सांगतील, परंतु ‘कमी खर्चाची काही रीत आहे का’ या प्रश्नाचे उत्तर नेहमीच नकारार्थी नसते, हे यावरून कळावे.

झाडपाल्याच्या औषधासाठी रात्रीपासून रांगेत बसणारे लोक आपल्या आसपास पुष्कळ. ते औषध फुकट असते असे सांगतात. पण त्यापायी गेलेले तीन महिने फार महाग पडतात. पहिल्या अवस्थेतली तोंडाची गाठ बहुधा एकट्या शस्त्रक्रियेने भागते. तीच वाढली की शस्त्रक्रिया, शेक आणि रसायन-उपचार असे तिन्ही लागतात. श्रद्धेचा मान राखून रोग्याला आधी नागपूरला न्यावे.

गाठीच्या तपासणीची काच आणि मेणाचा ठोकळा रुग्णालयाकडून मागून घेऊन जपून ठेवावा. दुसरीकडे मत घेण्यास गेल्यास पुन्हा तुकडा काढण्याचा खर्च आणि यातना वाचतात. दात दाखविणेही शेकापूर्वी उरकावे. मागाहून दात काढला तर जबड्याची जखम भरत नाही, आणि तो निराळाच खर्च उभा राहतो.

मुंबईस जावे लागल्यास रेल्वेची सवलत विसरू नये. कर्करोग्यास उपचारासाठीच्या प्रवासात शयनयान आणि वातानुकूलित तिसऱ्या वर्गात भाडे माफ असून सोबतच्या एका माणसास पाऊण सवलत मिळते. करोनाच्या साथीत ज्येष्ठांची सवलत गेली, पण रोग्यांची राहिली. रुग्णालयाचा ठराविक नमुन्यातील दाखला घेऊन तिकीट खिडकीवर काढावे. उतरण्यासाठी दादरला संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे आणि परळला नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन आहे. दोन्हीकडे गर्दी असते, म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करावी. आपल्या भागापुरती एक सूचना: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात गोटमार असते आणि रस्ते तुंबतात. त्या दिवसाची तारीख डॉक्टरांनी दिली तर आदल्या दिवशीच निघावे.

रसायन-उपचार चालू असता रोग्यास १००.४ अंश फॅरनहाइट वा अधिक ताप आला तर सकाळची वाट पाहू नये. पांढऱ्या पेशी घटलेल्या असतात आणि रात्रीत जिवावर बेतते. या एका प्रसंगासाठी काही रक्कम आणि एका गाडीवाल्याचा क्रमांक घरात वेगळा असावा. ही रक्कम दुसऱ्या कशालाही मोडू नये.

भावंडच देऊ शकते अशी एक वस्तू आहे, आणि ती पैशाने सहज मिळत नाही. रक्ताच्या काही कर्करोगांत मज्जारोपण करावे लागते. २० मार्च १९८३ रोजी टाटा रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी नऊ वर्षांच्या मुलीवर ते यशस्वी केले. भारतातील तो पहिला यशस्वी प्रयोग मानतात. सख्ख्या भावंडाची मज्जा पूर्णपणे जुळण्याचा संभव चारात एक. भावंडे दोन असतील तर निदान एकाची जुळण्याचा संभव सुमारे ४४ टक्के, तीन असतील तर सुमारे ५८ टक्के. देणाऱ्याची मज्जा काही आठवड्यांत भरून येते. तथापि कोणाचीही तपासणी दडपणाखाली करू नये. डॉक्टरांस एकांतात ‘नाही’ म्हणण्याची मुभा प्रत्येकास असावी. याच रक्ताच्या नात्यामुळे स्तनाच्या वा अंडाशयाच्या कर्करोगात सख्ख्या बहिणींनी स्वतःचीही तपासणी करून घेणे अगत्याचे आहे. रोगिणीच्या धावपळीत ती हमखास राहून जाते.

न्यासाच्या कार्यकर्त्यांस दोन शब्द. साहाय्याची रक्कम शक्यतो रुग्णालयाच्या नावे द्यावी, परंतु सारीच तशी देऊ नये. वर दाखविल्याप्रमाणे खोली आणि प्रवास यांचेच ओझे जड असते, आणि त्याच्या पावत्या धड मिळत नाहीत. रोग्याचे नाव व छायाचित्र अहवालात छापू नये. घरातल्या उपवर मुलींच्या सोयरिकी त्यावरून मोडतात, हे खेदाने नमूद करावे लागते. अर्ज करणारे भावंड असेल तर त्याला ‘तुम्ही स्वतः किती दिले?’ असे चारचौघांत विचारू नये.

उपचार संपले म्हणजे वही मिटत नाही. पहिली दोन वर्षे दर दोन-तीन महिन्यांनी, पुढे पाच वर्षांपर्यंत साधारण सहा महिन्यांनी तपासणीस जावे लागते. म्हणून निधीत उरलेली रक्कम वाटून न घेता या खेपांच्या भाड्यासाठी ठेवावी. आणि रोगी वाचला नाही, तर तेरवीनंतर महिन्याच्या आत भावंडांनी एकत्र बसून त्याच्या बायकोस वा नवऱ्यास आणि कळत्या मुलांस सर्व जमाखर्च वाचून दाखवावा. मुलांच्या शिक्षणासाठी उरलेली रक्कम ठेवावयाची की ज्याची त्यास परत करावयाची, ते त्या बैठकीतच ठरावे. रुग्णालयात भरलेल्या अनामत रकमेतून बिल वजा जाता काही उरले असल्यास ते परत मिळते. त्यासाठी मूळ पावती, मृत्यूचा दाखला, आणि पावतीवर ज्याचे नाव आहे ते भावंड, अशी तिन्ही घेऊन नागपूरला एक खेप करावी लागते.